‘डूलॅली’ शब्द आपल्या देवळालीचाच का, आणि तो कामावर वापरावा का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही मूळच्या नाशिकरोडच्या. सध्या यॉर्कशायरमधल्या एका केअर होममध्ये काम करता. रुजू झाल्यावर लगेचच प्रिंटर अडकला आणि सहकारी म्हणाली, ‘द प्रिंटर्स गॉन डूलॅली’, म्हणजे प्रिंटरला वेड लागलंय. नंतर तिथे राहणाऱ्या एका आजींची मुलगी भेटायला आली आणि आईबद्दलही तोच शब्द बोलली. घरी विषय काढल्यावर यजमान म्हणाले, हा आपल्या देवळालीवरून आलेला शब्द आहे. आतेभावाने त्यात भर घातली की देवळालीला इंग्रजांचं वेड्यांचं इस्पितळ होतं, म्हणून. तुम्हाला स्वतःला वाटतं की हे आपलं ‘डुलणं’, ‘डुलली’ असावं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, हा शब्द मी तोंडात घेऊ का?

यातला खरा प्रश्न शेवटचा आहे असं मला वाटतं. व्युत्पत्ती चुकली तर फार तर घरातला वाद लांबेल. पण केअर होममध्ये शब्द चुकला तर एखाद्या कुटुंबाचं मन दुखावतं, आणि तुम्ही तिथे नव्या आहात. तरीही मुळापासून सुरुवात करते, कारण शब्द कुठून आला हे कळलं की तो कुठे बोचतो हेही कळतं. मी अनेक वर्षं इंग्रजी-मराठी भाषांतर करते, ब्रिटिश मालिकांची मराठी उपशीर्षकं करते, आणि परदेशी नोकरीला जाणाऱ्या नर्सना तिथली बोली समजावून सांगते. ‘डूलॅली’शी माझी गाठ वरचेवर पडते.

यजमानांचं बरोबर आहे. शब्द देवळालीचाच आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा थळ घाट, म्हणजे आपला कसाऱ्याचा घाट, 1865 साली वाहतुकीला खुला झाला. घाटाखाली मुंबईचं बंदर आणि घाटावर देवळालीची कोरडी, मोकळी हवा. 1860 च्या दशकातच तिथे ब्रिटिश सैन्याची छावणी उभी राहिली. विलायतेहून आलेल्या तुकड्या मुंबईला उतरून देवळालीला येत, थोड्या स्थिरावत आणि मग देशभर पांगत. परतीची वाटही तीच. ज्यांची नोकरीची मुदत संपली ते सैनिक ठिकठिकाणच्या पलटणींतून देवळालीला गोळा होत आणि जहाजाची वाट पाहत.

आणि ही वाट पाहणं साधं नव्हतं. सैन्याची ने-आण करायला 1866-67 च्या सुमारास खास पाच जहाजं बांधली होती: क्रोकोडाइल, युफ्रेटीस, जमना, मलबार आणि सेरापिस. पुढे 1890 च्या दशकात ती निवृत्त झाली आणि भाड्याची जहाजं आली, पण एक गोष्ट तशीच राहिली. ही वाहतूक वर्षभर चालत नसे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला आणि उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात भट्टी. त्यामुळे साधारण दिवाळीच्या आसपास हंगाम सुरू व्हायचा आणि उन्हाळा तापायच्या आत संपायचा. एखाद्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली की त्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबणं भाग. म्हणजे आख्खा उन्हाळा आणि आख्खा पावसाळा.

त्या माणसाची अवस्था काय असेल बघा. सात-आठ वर्षं या देशात काढलेली. पलटण सुटली, जोडीदार सुटले, काम सुटलं. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या एका साध्या ब्रिटिश सैनिकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात नोकरी केली आणि 1936 साली ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात तिच्या आठवणी लिहिल्या. देवळालीत जहाजाची वाट बघणाऱ्यांबद्दल तो लिहितो की त्यांच्याकडे ना हत्यार असायचं ना सरंजाम. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी एखादी लांबची कवायत. बाकी वेळ खायला उठायचा. आधी ज्यांच्या नावावर डाग नव्हता असे सैनिक तिथे भलत्याच भानगडीत सापडून घरी जाण्याऐवजी तुरुंगात गेले, काही गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडले. कोणी विचित्र वागायला लागला की सैनिक म्हणायचे, याला ‘डू-लॅली टॅप’ झालाय. छावणीतल्या त्या कंटाळ्यामुळे माणसं जशी वागायची त्यातून हे निघालं असावं, असं तो म्हणतो, आणि ‘मला वाटतं’ हे शब्द जोडायला विसरत नाही. शब्दांच्या मुळाबद्दल बोलताना एवढी सावधगिरी ठेवणारा साक्षीदार मला विश्वासाचा वाटतो.

आता त्यातला ‘टॅप’. इंग्रजांना तो आज ‘टकटक’ किंवा ‘नळ’ वाटतो. तुम्हाला मात्र तो ऐकल्या ऐकल्या कळायला हवा, कारण तो आपला ताप आहे. फारसीत आणि हिंदुस्थानीत ‘तप’, संस्कृतात आणि मराठीत ‘ताप’. ‘देवळालीचा ताप’ म्हणजे देवळालीत चढणारा ज्वर. आपण ‘डोक्याला ताप’ म्हणतो तेव्हा आपणही थर्मामीटरबद्दल बोलत नसतो. सुरुवातीला हा जोडशब्दच चालत असे. 1925 साली फ्रेझर आणि गिबन्स या दोघांनी सैनिक आणि खलाशी यांच्या बोलीतल्या शब्दांचा संग्रह काढला, त्यातही तो ‘टॅप’सकट आहे. पुढे साध्या नागरिकांच्या तोंडी जाताना ताप उतरला आणि नुसती ‘डूलॅली’ राहिली. जुनी माणसं अजूनही कधी कधी पूर्ण ‘डूलॅली टॅप’ म्हणतात. ‘देवळाली’ची ‘डूलॅली’ कशी झाली याचं नवल नको. त्यांना ‘ळ’ म्हणता येत नाही, इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘देव’चा ‘देओ’ झालाच होता, आणि पलटणीतल्या पोरांच्या जिभेवर त्याचा ‘डू’ झाला.

तुमच्या ‘डुलली’बद्दल. कल्पना ऐकायला छान आहे, आणि झिंगलेला माणूस डुलतोच. पण अशा कल्पना मी दोन प्रश्न विचारून पारखते. पहिला प्रश्न, शब्दाचं सर्वात जुनं रूप यातून सुटतं का? ‘डुलली’ धरलं तर मागचा ‘टॅप’ लोंबकळत राहतो, त्याचं काहीच स्पष्टीकरण मिळत नाही. दुसरा प्रश्न, हा शब्द कोणाच्या तोंडून कोणाच्या कानात गेला असेल? गोऱ्या सैनिकाने आपल्याकडून काय उचललं ते पाहा. ‘देखो’चा ‘डेको’, ‘चिठ्ठी’चा ‘चिट’, ‘विलायती’चा ‘ब्लायटी’, ‘खुशी’वरून आरामाच्या कामाला ‘कुशी’, ‘पागल’चा ‘पॉगल’. बाजारातलं, स्वयंपाक्याशी आणि धोब्याशी बोलायचं हिंदुस्थानी ते हेच. नामं, विशेषणं आणि हुकूम. त्यात मराठी क्रियापदाचं स्त्रीलिंगी भूतकाळी रूप कुठून शिरणार? ठिकाणाचं नाव मात्र सहज शिरतं, कारण ते रेल्वेच्या पाटीवर आणि बदलीच्या कागदावर असतं. मुंबईच्या डोंगरीवरून ‘डंगरीज’ हा जाड्याभरड्या कापडाच्या कपड्यांचा शब्द आला असं मानतात, तोही याच जातीचा.

आतेभावाचा मुद्दा जास्त चिवट आहे, कारण तो तर्काला धरून वाटतो. वेड आणि गाव यांची जोडी दिसली की मधे इस्पितळ असणारच असं आपलं मन म्हणतं. त्याला कारणही आहे. आपल्याकडे ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला खोली बुक करा’ हे सर्रास बोलतात, आणि ठाण्याला, येरवड्याला मनोरुग्णालयं खरोखरच आहेत. लंडनच्या बेथलेहेम रुग्णालयाचं ‘बेडलम’ झालं आणि त्याचा अर्थ नुसता गोंधळ असा उरला. उत्तर लंडनमध्ये 1851 साली कोल्नी हॅचचं मोठं वेड्यांचं इस्पितळ निघालं आणि त्या गावाचं नावही तसंच वापरलं जाऊ लागलं. म्हणजे साचा खरा आहे. पण साचा आहे म्हणून प्रत्येक शब्द त्यातूनच निघाला असं होत नाही. इंग्रजीत ‘बार्किंग मॅड’ म्हणतात, तर त्यासाठीही लोक लंडनमधल्या बार्किंग भागात एक इस्पितळ दाखवतात. तो बहुधा भुंकणाऱ्या कुत्र्यावरून आलेला साधा शब्दप्रयोग आहे.

देवळालीला लष्करी रुग्णालय होतं, आणि मायदेशी परत पाठवायचे आजारी सैनिकही त्या वाटेने जात. त्यांच्यात मनाने खचलेले असणारच. पण वाक्प्रचार ज्यांच्या तोंडी होता त्या सैनिकांचं स्पष्टीकरण इस्पितळाचं नाही, वाट पाहण्याचं आहे. आजारी मनाच्या ब्रिटिश सैनिकांसाठीची खास जागा इंग्लंडमध्ये होती, साउथहॅम्प्टनजवळ नेटलीच्या लष्करी रुग्णालयात 1870 साली उघडलेली ‘डी ब्लॉक’. हा फरक मी मुद्दाम धरून ठेवते, कारण त्याने शब्दाचा सूर बदलतो. इस्पितळावरून आलेला शब्द माणसाला रोगी ठरवतो. देवळालीवरून आलेला शब्द, मुळात तरी, म्हणतो की माणूस धडधाकट होता, त्याला फार काळ अडकवून ठेवलं म्हणून तो बिथरला. हवेचाही यात दोष नाही. तीच देवळाली पुढे मुंबईच्या पारशी, गुजराती कुटुंबांची हवापालटाची जागा झाली, तिथली सॅनिटोरियम तुम्ही लहानपणी पाहिली असतील.

घराघरात हा शब्द पोचवण्यात टीव्हीचाही हात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी देवळालीतल्या तोफखान्याच्या तळावर सुरू होणारी बीबीसीची एक विनोदी मालिका 1974 ते 1981 चालली. आज साठी-सत्तरीत असलेल्या ब्रिटिशांना देवळाली हे नाव अनेकदा त्यातूनच माहीत असतं. तुमच्या केअर होममध्ये तर ही पिढी आणि तिच्या आधीचीच माणसं असणार. ‘मी त्याच गावाशेजारची’ असं सांगून बघा, काहींचे डोळे चमकतील.

आता वापराकडे येते. इथे एक ठाम उत्तर देता येत नाही. कोण, कोणाबद्दल, कोणासमोर बोलतंय यावर सगळं ठरतं. निदान चार वेगळे अर्थ तुमच्या कानावर येतील.

यंत्राबद्दल बोलतात तेव्हा अर्थ फक्त ‘गंडलंय’. प्रिंटर, लिफ्ट, हीटिंग, घड्याळ, काहीही. इथे बिनधास्त वापरा.

रागाबद्दलही येतो. ‘मॅनेजर विल गो डूलॅली’ म्हणजे मॅनेजर भडकणार, आकांडतांडव करणार. उत्साहाबद्दलही येतो, सेलमध्ये लोक ‘डूलॅली’ होतात म्हणजे अक्षरशः तुटून पडतात. हे दोन्ही समजून घ्या, कळत गेले की आपोआप तोंडात बसतील.

स्वतःबद्दल म्हणणं सगळ्यात सुरक्षित, आणि मला ते सगळ्यात आवडतं. ‘आणखी एक दिवस या घरात बसले तर मी डूलॅली होईन.’ पाऊस थांबत नाही, सुट्टीत कुठे जाता येत नाही, फोनवर तासभर ताटकळत ठेवलंय, अशा वेळी लोक हे म्हणतात. जहाजाची वाट बघणाऱ्या सैनिकाचं मूळ दुखणं या वापरात अजून जसंच्या तसं आहे, बोलणाऱ्याला ते ठाऊक नसलं तरी.

चौथा अर्थ म्हणजे म्हातारपणी बुद्धी ढळणं, आणि तुमचा संबंध याच्याशीच आहे. आजींच्या मुलीने आईबद्दल ‘अ बिट डूलॅली’ म्हटलं ते बहुधा प्रेमानेच. आपल्या माणसाच्या आजाराचं ओझं हलकं करायला माणसं असे गमतीचे शब्द वापरतात. तो हक्क तिचा आहे. तेच तुम्ही म्हणालात तर टिंगल होते, आणि ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांबद्दल असा शब्द कर्मचाऱ्याने वापरणं अपमानास्पदच मानलं जातं. सहकाऱ्यांत, चहाच्या सुट्टीतही टाळा. नोंदवहीत तर अजिबात नको.

हा फरक मराठीतून बघा म्हणजे पटेल. एका मालिकेत मुलगा शेजारणीला दारातच सांगतो की आई हल्ली ‘अ बिट डूलॅली’ झालीय. उपशीर्षकात काय लिहायचं? ‘वेडी झालीय’ म्हटलं तर तो निर्दय वाटतो. ‘भ्रमिष्ट’ पुस्तकी. ‘साठी बुद्धी नाठी’मध्ये उपहास आहे. ‘म्हातारचळ’ लिहायला हात शिवशिवतो, पण त्याला आपल्याकडे भलताच, चावट रंग आहे, त्या बाईवर तो घोर अन्याय होईल. मी लिहिलं, ‘आईचं हल्ली थोडं इकडचं तिकडे होतं.’ मुलाच्या आवाजातला संकोच आणि माया दोन्ही त्यात बसली. तुमच्यासमोर ती मुलगी बोलली तेव्हा तिनेही साधारण हेच म्हटलं असं समजा, आणि उत्तरही त्याच सुरात द्या. तिचा शब्द परत तिच्यासमोर उच्चारू नका, टोकूही नका.

थोडक्यात, यंत्र असो किंवा स्वतः, खुशाल म्हणा. मॅनेजरबद्दल जपून. तिथे राहणाऱ्या कोणाहीबद्दल नाही. आणि हे फक्त ब्रिटनपुरतं. अमेरिकेत गेलात तर बहुतेकांना हा शब्द माहीतच नसेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण तुमच्या कामात ती या सगळ्यापेक्षा महत्त्वाची आहे. नातेवाईक ‘डूलॅली’ म्हणतात तेव्हा हा ढिला शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टी झाकून टाकतो. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं हळूहळू वाढत गेलेला विसर ही एक. आणि दोन-चार दिवसांत, कधी काही तासांत, अचानक आलेली भ्रमावस्था ही दुसरी. डॉक्टर तिला डिलिरियम म्हणतात. वृद्धांमध्ये ती लघवीच्या संसर्गाने येते, पाणी कमी प्यायल्याने येते, बद्धकोष्ठाने किंवा नव्या औषधानेही येते. दिवसात कमी-जास्त होते. माणूस खवळतो, किंवा उलट नुसता पेंगत पडून राहतो, आणि पेंगणाऱ्याकडे दुर्लक्ष होतं. पहिलीसाठी धीर लागतो, दुसरीसाठी नर्स किंवा डॉक्टर, तेही लगेच. तुमच्या प्रशिक्षणात हे आलं असेलच. पण गमतीचा शब्द कानावर पडला की आपणही हसून मान डोलावतो आणि लक्षण निसटतं, म्हणून लिहिते.

तेव्हा ती मुलगी पुन्हा आली आणि तसंच म्हणाली तर हसा जरूर, आणि लगेच दोन साधे प्रश्न विचारा. ‘व्हेन डिड यू फर्स्ट नोटिस इट?’ आणि ‘इज शी डिफरंट फ्रॉम लास्ट वीक?’ उत्तर ‘गेली दोन-तीन वर्षं’ असं आलं तर ऐकून घ्या, तिला बोलू द्या. उत्तर ‘मंगळवारपासून’ असं आलं तर तिथूनच नर्सला गाठा, आणि नोंदवहीत आजी काय बोलल्या, किती वाजता, दिवसभरात किती पाणी प्यायल्या, एवढंच जसं घडलं तसं लिहा.